वेबसाइटचे आयकॉन आणणारी लायब्ररी: आयकॉनऐवजी बातमीचा फोटो येतोय

चोपडा_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. प्रश्न पायथॉनचा (प्रोग्रामिंगची भाषा) आहे आणि जरा लांब आहे.

चोपड्यात आमच्या वाचनालयाची अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी, रेल्वे करणारी मुलं सकाळीच येऊन जागा धरतात. अडावद, धानोरा, लासूरहून एसटीने येणारी बरीच. भिंतीकडेला काही जुने पीसी आहेत. ब्राउझर उघडला की मी केलेलं एक साधं पान येतं: साठ-सत्तर लिंका, आयोग, विद्यापीठ, शिष्यवृत्ती, बँका, वर्तमानपत्रं, सगळं एका जागी. मुलं नाव वाचत बसत नाहीत, चित्र बघून क्लिक करतात. मीही तेच करते. म्हणून टॅबवर दिसतं ते इवलंसं चित्र, फेविकॉन, प्रत्येक लिंकेपुढे हवं आहे. हॉल तिकीट निघतं त्या दिवशी एकेका पीसीपुढे चार-चार डोकी असतात, तेव्हा याचा उपयोग कळतो.

अट एकच. चित्रं आमच्याच सर्व्हरवर साठवलेली हवीत. सर्व्हर म्हणजे कपाटामागे ठेवलेला एक पीसी, इन्व्हर्टरवर चालणारा. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ त्याच्यावरच आहेत, त्यामुळे नेट गेलं तरी मुलांचं काम अडत नाही. पान अर्धं कोरं दिसायला लागलं की मात्र लगेच "मॅडम, कॉम्प्युटर बंद पडला" सुरू होतं.

यासाठी पायथॉनमधली एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतली. तिला पत्ता द्यायचा, ती पान उतरवते, त्यातले आयकॉन शोधते आणि रुंदी-उंचीसकट यादी हातात देते, सगळ्यात मोठा पहिला. मी तो पहिला उचलून फोल्डरमध्ये ठेवते. बऱ्याच साइटचं काम झकास झालं. उरलेल्यांचे नमुने बघा.

एका बातम्यांच्या साइटचा आयकॉन म्हणून केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रकचा फोटो आला, 1024 रुंदीचा. त्या दिवशीची मोठी बातमी केळीच्या भावाची होती. दुसऱ्या दिवशी चालवलं तर तिथे कुणी पुढारी हात जोडून उभे.

एका सरकारी खात्याची आयसीओ फाइल (फेविकॉनचा जुना प्रकार) उतरते, नावही बरोबर, पण चित्र उघडत नाही. नोटपॅडमध्ये उघडली तर आत आख्खं एचटीएमएल पान.

दुसऱ्या एका खात्याची साइट क्रोममध्ये छान उघडते. पायथॉन मात्र सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा दाखला) पटत नाही म्हणून दारातूनच परत येतो.

आणि एका बँकेचं चिन्ह रंगीत असताना माझ्याकडे नुसता काळा ठोकळा आला.

लायब्ररी बदलू, की हिलाच वठणीवर आणायची काही युक्ती आहे? इतक्या छोट्या कामाला मोठा पसारा नको आहे. उद्या मी रजेवर गेले तर इथल्याच एखाद्या मुलाला तो कोड वाचता आला पाहिजे.

पिंपरी_मुक्कामी

ताई, एवढा खटाटोप कशाला? गूगलची आयकॉन देणारी सेवा आहे. पत्त्यात डोमेन आणि हवा तो आकार घाला, चित्र येतं. डकडकगोचीही अशी सेवा आहे. इमेज टॅगमध्ये थेट टाका, लायब्ररीच नको.

चोपडा_अभ्यासिका

दादा, ते करून बघितलं आणि ज्यांचं नेट सदा चालू असतं त्यांना ते ठीकच आहे. आमच्याकडे नेट गेलं की त्या सगळ्या चौकटी फुटक्या चित्राच्या दिसणार. दुसरं म्हणजे यादीतल्या काही लिंका 192.168 ने सुरू होणाऱ्या आहेत, आमच्याच जाळ्यातल्या. प्रश्नपत्रिकांचं पान, पुस्तकांची सूची. त्या गूगलला बाहेरून दिसणार कशा? आणि ज्याचा आयकॉन त्यांच्याकडे नसतो त्याला पृथ्वीचा गोळा लावून देतात. माझ्या पानावर ओळीने गोळेच गोळे झाले.

भुसावळ_जंक्शन

लायब्ररी बदलू नका. तिचं काम शोधायचं, निवडायचं काम तुमचं. ही दोन कामं एकाच फंक्शनवर सोडली की असंच होतं.

आधी केळीचा ट्रक. अशा बऱ्याच लायब्ऱ्या लिंक टॅगवर (पानाच्या एचटीएमएलमधली आयकॉनचा पत्ता सांगणारी ओळ) थांबत नाहीत, मेटा टॅगमधली ओजी इमेजही उचलतात. म्हणजे लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की खाली जो फोटो दिसतो तो. बातम्यांच्या साइटवर तो रोज बदलणारच. आता तो पहिला का आला? आकार कळावा म्हणून लायब्ररी लिंक टॅगमधलं साइजेस बघते, ते नसेल तर फाइलच्या नावातले आकडे वाचते. वर्डप्रेस फोटोच्या नावाला शेवटी 1024 गुणिले 576 असं काही चिकटवतो. झालं, 1024 चा आयकॉन सापडला म्हणून तो यादीत वर. मोठा घड म्हणजे चांगला माल हे सावद्याच्या केळीला चालेल, इथे नाही. मेटा टॅगमधून आलेलं सगळं सरळ गाळा.

काळा ठोकळा बहुतेक मास्क आयकॉन आहे. सफारीत पिन केलेल्या टॅबसाठी एकरंगी एसव्हीजी (रेषांचं वर्णन मजकुरात लिहिलेलं चित्र) द्यायची पद्धत होती, रंग वेगळा सांगायचा, फाइल काळीच. लिंक टॅगमध्ये ती लिंक कशाची ते "रेल"मध्ये लिहितात. त्या "रेल"च्या मजकुरात कुठेही "आयकॉन" अक्षरं सापडली की उचल, असं कुणी लिहिलं की हा मास्क आयकॉन जाळ्यात येतो. रेल म्हणजे मोकळ्या जागेने तोडलेल्या शब्दांची यादी, लहान-मोठं अक्षर सारखंच. तिचे तुकडे करा आणि अख्खा शब्द "आयकॉन" आहे का बघा. "शॉर्टकट आयकॉन" त्यात आपोआप बसतो. त्यातला शॉर्टकट हा 1999 सालच्या इंटरनेट एक्स्प्लोरर 5 पासून चालत आलेला पाहुणा आहे. त्याला आज काही अर्थ नाही, पण लोक अजून लिहितात.

आयसीओच्या नावाखाली एचटीएमएल येतं ते असं. पानात लिंक टॅगच नसेल तर रिवाज म्हणून साइटच्या मुळाशी फेविकॉन डॉट आयसीओ मागितली जाते. ती नसेल तर सर्व्हरने 404, म्हणजे सापडलं नाही, म्हणायला हवं. पुष्कळ सर्व्हर 200, म्हणजे सगळं ठीक, म्हणतात आणि मुखपृष्ठ पाठवून देतात. तेव्हा नावावर, एक्स्टेंशनवर आणि सर्व्हर सांगतो त्या कंटेंट टाइपवरही विसंबायचं नाही. बाइट बघायचे. आयसीओचे पहिले चार बाइट 0, 0, 1, 0 असतात. पीएनजीचा पहिला 137 आणि पुढे पी, एन, जी ही अक्षरं. जेपीईजी 255, 216, 255. पहिलं अक्षर कोनी कंस निघालं तर एचटीएमएल असेल किंवा एसव्हीजी, तेवढ्यापुरतं आणखी पुढे वाचायचं.

आयसीओत आणखी एक गंमत. ती एक चित्र नसून डबा असतो, आत 16, 32, 48 अशी बरीच चित्रं. पहिल्या सहा बाइटांचं शीर्षक, मग प्रत्येक चित्रामागे 16 बाइटांची नोंद. रुंदीला एकच बाइट दिलाय, त्यात 256 मावत नाही, म्हणून 0 लिहिलं तर 256 समजायचं. हे माहीत नसलेला कोड सगळ्यात चांगलं चित्र शून्य रुंदीचं समजून टाकून देतो. पिलो (पायथॉनची चित्रं हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर ती हे बघून घेते आणि सगळ्यात मोठं चित्र उघडते. मात्र पिलोला एसव्हीजी उघडत नाही, ती फाइल आहे तशीच ठेवा.

निवडीत माझा कौल ॲपल टच आयकॉनला, म्हणजे आयफोनच्या होम स्क्रीनसाठी साइट देते त्याला. बहुतेक ठिकाणी 180 गुणिले 180 ची एकच पीएनजी असते आणि पार्श्वभूमी भरलेली असते, कारण आयफोन पारदर्शक जागा काळी करून टाकतो. त्यामुळे पांढऱ्या पानावर पांढरा आयकॉन हरवायचा प्रश्नच येत नाही. तो नसेल तर साधा आयकॉन, तोही नसेल तर मॅनिफेस्ट फाइलमधला (साइट ॲपसारखी बसवायची असेल तर तिचं नाव-आयकॉन सांगणारी फाइल). तिथे "मास्केबल" लिहिलेला घेऊ नका, कडेने कापता यावा म्हणून त्यात भरपूर मोकळी जागा सोडलेली असते, लिंकेपुढे तो चिमुकला दिसतो.

चोपडा_अभ्यासिका

भाऊ, मास्क आयकॉनच निघाला. आत्ताच पानाचा सोर्स बघितला.

पण एक अडलंय. एका विद्यापीठाच्या साइटवर लायब्ररी आयकॉनचा जो पत्ता काढते तो 404 देतो. ब्राउझरच्या टॅबवर तर चित्र दिसतं.

भुसावळ_जंक्शन

पत्ता सापेक्ष असणार. म्हणजे नुसतं "इमेजेस, स्लॅश, लोगो". तो कशाला जोडायचा यावर सगळं आहे. तुम्ही टाकला तो पत्ता नाही, रीडायरेक्ट होत होत शेवटी जिथे पोचलात तो घ्या. रिक्वेस्ट्स (पानं उतरवणारी पायथॉनची लायब्ररी) वापरली तर उत्तराच्या यूआरएलमध्ये तो मिळतो. आणि पानाच्या डोक्यात बेस टॅग (सापेक्ष पत्ते कशाला जोडायचे ते सांगणारा) असेल तर त्याचा मान त्याहून वरचा. जोडणी स्वतः स्ट्रिंग चिकटवून करू नका, पायथॉनचं यूआरएलजॉइन आहे.

कुठे 403, म्हणजे परवानगी नाही, येत असेल तर यूजर एजंट बदला. रिक्वेस्ट्स आपली ओळख "पायथॉन रिक्वेस्ट्स" अशी देते आणि काही फायरवॉल ते नाव बघूनच दार लावतात.

सर्टिफिकेटचं: तो सर्व्हर आपलं सर्टिफिकेट देतो पण मधल्या संस्थेचं द्यायला विसरतो. क्रोम ते मधलं स्वतः शोधून आणतो म्हणून तुम्हाला काही कळत नाही. पायथॉन आणत नाही. ब्राउझरमधून ते मधलं सर्टिफिकेट उतरवा, सर्टिफायच्या गठ्ठ्याची (रिक्वेस्ट्स ज्यांवर विश्वास ठेवते त्या सर्टिफिकेटांची फाइल) एक प्रत काढून तिच्या शेवटी जोडा आणि त्या एका साइटपुरती ती फाइल रिक्वेस्ट्सच्या व्हेरिफाय (सर्टिफिकेट तपास) या पर्यायाला द्या.

पिंपरी_मुक्कामी

व्हेरिफाय फॉल्स केलं की संपलं ना? आयकॉनच तर आहे, बँकेचा पासवर्ड थोडाच जातोय.

भुसावळ_जंक्शन

आयकॉनपुरतं काही बिघडत नाही, खरं आहे. पण ताई म्हणतात उद्या दुसरा मुलगा कोड वाचेल. तो ती ओळ उचलून फॉर्म भरायच्या स्क्रिप्टमध्ये चिकटवेल. म्हणून नको.

धुळ्याचा_पुण्यात

मी सुरक्षेच्या कामात आहे, म्हणून दोन गोष्टी. पानावर लिंका कोण टाकतं? फक्त ताई असतील तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मुलांनाही टाकता येत असतील तर लक्षात घ्या, कपाटामागचा पीसी त्यांनी दिलेल्या कुठल्याही पत्त्यावर जाऊन धडकणार आहे, राउटरच्या पानावरसुद्धा. आयपी तपासा, आतल्या जाळ्यातले पत्ते फक्त तुमच्या यादीतलेच जाऊ द्या. आणि ही तपासणी प्रत्येक रीडायरेक्टनंतर परत करा, नाहीतर बाहेरची साइट आत वळवते.

वेळेची आणि आकाराची मर्यादाही घाला. आयकॉन म्हणून कुणी 200 एमबीची फाइल पाठवली तर ती पूर्ण उतरेपर्यंत थांबू नका. रिक्वेस्ट्सचा टाइमआउट हा दोन बाइटांमधल्या शांततेचा असतो, एकूण वेळेचा नाही. थेंब थेंब पाठवणारा सर्व्हर तुम्हाला तासभर लटकवू शकतो. स्ट्रीम लावून तुकड्या-तुकड्याने वाचा, अर्ध्या एमबीच्या पुढे गेलं किंवा ठरवलेली एकूण वेळ संपली की सोडा.

एसव्हीजी इमेज टॅगमध्येच दाखवा. तिथे आतली स्क्रिप्ट चालत नाही. तिचा मजकूर पानात ओतलात तर चालते.

आणि मुलांना एक सांगून ठेवा. चित्र बरोबर आहे म्हणजे साइट खरी, असं नसतं. खोट्या भरतीचं पान करणारा सगळ्यात आधी आयकॉनच चोरतो.

चोपडा_अभ्यासिका

लिंका मीच टाकते, पण मुलांसाठी सुचवणीची चौकट ठेवायचा विचार होता. आता सुचवणी नुसती वहीत नोंदल्यासारखी साठेल, आयकॉन मी मंजूर केल्यावरच आणला जाईल. खोट्या भरतीचं तर बोलूच नका. मागे एका मुलाचे फॉर्म फीचे पैसे असेच गेले. म्हणून पानावर प्रत्येक नावाखाली डोमेनही दाखवते, बारीक अक्षरात.

अमळनेरकर_भो

माले यातलं अर्धंच समजनं, पण काम भारी शे ताई. आमनी अमयनेरनी लायब्ररीमा भी असं पान पाहिजे.

एक सांगतो. ज्या साइटला आयकॉनच नाही तिथे रंगीत चौकोन करून त्यात नावाचं पहिलं अक्षर टाका, फोनमध्ये फोटो नसलेल्या माणसाला असतं तसं.

चोपडा_अभ्यासिका

भो, तेच केलंय, आणि त्यातच काल संध्याकाळ गेली. पानावरची नावं मराठीत आहेत. पायथॉनला "चोपडा"चं पहिलं अक्षर मागितलं तर "च" देतो, कारण त्याच्या लेखी काना-मात्रा हे वेगळं अक्षर. "शिष्यवृत्ती"चा नुसता "श", "विद्यापीठ"चा "व". चालून गेलं असतं, पण "श्रीमंत" वगैरे नावांपुढे एकटा "श" फारच केविलवाणा दिसतो. यावर कुणाकडे उपाय आहे? आणि दुसरी तक्रार, स्क्रिप्ट चालवली की चौकोनांचे रंग दरवेळी बदलतात. मुलं रंगावरून ओळखायला लागलेली, आज सगळे गोंधळले.

भुसावळ_जंक्शन

रंगासाठी पायथॉनचं हॅश फंक्शन वापरलंय ना? स्ट्रिंगसाठी ते प्रत्येक वेळी वेगळा आकडा देतं, मुद्दाम तसं ठेवलंय, 3.3 पासून. झेडलिबमधलं सीआरसी 32 घ्या. तेच डोमेन, तोच आकडा, तोच रंग, कुठल्याही मशीनवर.

अक्षरासाठी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, पायथॉनसोबत येतं ते "आरई" नाही. त्यात बॅकस्लॅश आणि मोठा एक्स लिहिलं की मात्रेसकट अक्षर मिळतं. "चो" नीट येईल. "श्री"चं मात्र आवृत्तीवर आहे. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडने 15.1 मध्ये, म्हणजे 2023 साली घातला. जुन्या मॉड्यूलमध्ये "श्" वेगळा आणि "री" वेगळा पडतो. तसं झालं तर स्वतः बघा, तुकडा हलन्ताने संपत असेल तर पुढचा जोडून घ्या. दोन ओळींचं काम.

चोपडा_अभ्यासिका

जमलं. सगळ्यांचे आभार. पुढे कुणी शोधत आलं तर उपयोगी पडावं म्हणून आता काय केलंय ते लिहिते.

लायब्ररी तीच ठेवली, फक्त यादी आणायला. तिच्या यादीतून मेटा टॅगवाले आणि मास्क आयकॉन गाळते. उरलेले भाऊंनी सांगितलेल्या क्रमाने, ॲपल टच आधी, एकेक उतरवते आणि पहिले बाइट तपासते. खोटं निघालं तर पुढचा. पानावर चित्र 32 चं दाखवते, म्हणून 64 किंवा त्याहून मोठ्यांतला सगळ्यात लहान निवडते, तसा नसेल तर आहे त्यातला मोठा. आकार लायब्ररी सांगते तो घेत नाही, पिलोने उघडून मोजते. एका साइटने साइजेसमध्ये 192 लिहून 48 ची फाइल ठेवली होती! हे सगळं आमच्या एका पोलीस भरतीवाल्या मुलासमोर वाचून दाखवलं. कॉम्प्युटर त्याचा विषय नाही, तरी कुठे काय होतंय ते त्याला सांगता आलं.

फाइलचं नाव डोमेनवरून. एका साइटचा पत्ता डॉट भारतमधला, मराठीतच आहे. तो फाइलच्या नावात पुनीकोडमध्ये, एक्सएन आणि दोन डॅशवाला, ठेवला, कारण देवनागरी नावाच्या फाइली पेनड्राइव्हवरून नेताना आमच्या एका जुन्या मशीनवर गडबड होते.

स्क्रिप्ट रविवारी पहाटे चालते, तेव्हा नेट मोकळं असतं. प्रत्येक आयकॉनसोबत सर्व्हरने दिलेला ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तो परत पाठवते. बदल नसेल तर 304 येतं, चित्र परत उतरत नाही. आणि नवं चित्र नीट तपासून झाल्याशिवाय जुनं पुसत नाही. साइट बंद असली म्हणून आमचा आयकॉन का जावा?

दोन साइट राहिल्या. त्यांचं पान आख्खं जावास्क्रिप्टने रंगतं, एचटीएमएलमध्ये लिंक टॅगच नाही आणि मुळाशी आयसीओही नाही. तेवढ्यासाठी क्रोम डोक्याशिवाय (हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता) चालवायचा म्हणजे त्या पीसीचा जीव जायचा. ते दोन आयकॉन मी हाताने उतरवून ठेवले आणि कोडमध्ये एक ओळ घातली: "हाताने" नावाच्या फोल्डरमध्ये चित्र असेल तर पुढचं काही करू नको.

धुळ्याचा_पुण्यात

हाताने फोल्डर बेस्ट. आमच्या कंपनीतही असंच एक फोल्डर आहे, फक्त त्याला इंग्रजी नाव दिलंय आणि कुणी कबूल करत नाही.

अमळनेरकर_भो

काम व्हई गयं म्हणजे. कोड टाका ना ताई. आमच्या लायब्ररीत विंडोज 7 चे पीसी आहेत, चालेल का?

चोपडा_अभ्यासिका

कोड उद्या टाकते, आतले आमचे 192.168 चे पत्ते काढून.

विंडोज 7 वर पायथॉन 3.8 च्या पुढे जाता येत नाही आणि त्यावर पिलो, रिक्वेस्ट्सच्या जुन्या आवृत्त्या शोधत बसावं लागेल. त्या भानगडीत पडू नका. स्क्रिप्ट कुणाच्या तरी नव्या लॅपटॉपवर चालवा, तयार झालेलं फोल्डर पेनड्राइव्हने लायब्ररीतल्या पीसीवर ठेवा. पान नुसतं एचटीएमएल आणि चित्रं आहे, ते कशावरही उघडतं. फक्त एसव्हीजी आयकॉन तिथल्या ब्राउझरमध्ये दिसतात का ते एकदा बघा. नाही दिसले तर त्या साइटची पीएनजी "हाताने"मध्ये टाका.